बंदराच्या वाटेने

राजापूरच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाच्या कानात पावसाळाभर एकच प्रश्न असतो : "पाणी कुठवर आलं?" विचारणारा घाबरलेला नसतो. उत्तरही ठरलेल्या खुणांवर येतं. बंदरधक्क्याला लागलं, मच्छी मार्केटात शिरलं, जवाहर चौकात आलं. चौकाचं नाव निघालं की बोलणं तिथेच थांबतं आणि उचलाउचल सुरू होते.

आमचं दुकान किराण्याचं. उचलाउचलीचा क्रम आजोबांच्या वेळेपासून ठरलेला होता. आधी मीठ, साखर आणि गूळ, कारण पाणी लागलं की त्यांचं काहीच उरत नाही. मग तांदूळ नि पिठं. मग साबण, काडेपेट्या, वह्या. तेलाचे डबे सगळ्यात शेवटी. ते भिजले तरी पुसून घेता येतात, फक्त एकमेकांना बांधून ठेवायचे, नाहीतर तरंगत दुसऱ्याच्या दुकानात जातात. पण या सगळ्याच्याही आधी उधारीच्या चोपड्या. त्या आजोबा स्वतः उचलत. राजापुरी पंच्यात घट्ट बांधायच्या, दोरी घालायची आणि माळ्याच्याही वर, वाशाला लटकवायच्या. पंचा तोच, ज्यात एरवी आठवडा बाजारातून भाजी यायची आणि ज्याने सकाळी अंग पुसलं जायचं. पावसाळ्यात मात्र त्यात आसपासच्या गावांची सगळी उधारी बांधलेली असे.

बाहेरगावी शिकायला गेल्यावर मित्र विचारायचे, "दरवर्षी पाणी भरतं, मग तुम्ही बाजार तिथून हलवत का नाही?" प्रश्न रास्त होता, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. पुढे कळलं की ते उत्तर आमच्या दुकानापेक्षा फार जुनं आहे.

अर्जुना सह्याद्रीतून अणुस्कुऱ्याच्या बाजूने उतरते. कोदवली तिला गावाशी येऊन मिळते. खालून, जैतापूरकडून, खाडीची भरती वर चढते. शिडाच्या काळात गलबताला भरतीच्या जोरावर आत येता येईल तितकं आत यायचं असे, कारण पुढचा सगळा प्रवास बैलाच्या पाठीवर. अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावरचा माल उतरे आणि जिथे भरती संपते तिथे होडीत चढे. त्या जागेचं नाव राजापूर. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी मिरी आणि कापडासाठी इथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. ही वखार महाराष्ट्राच्या इतिहासात ठळकपणे येते ती १६६० मुळे. सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज तोफगोळे घेऊन स्वतःच्या निशाणासह सिद्दीच्या बाजूने गेले. शिवाजी महाराजांनी हे लक्षात ठेवलं. १६६१ मध्ये ते राजापुरात उतरले, वखार लुटली गेली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे साथीदार कैदेत पडले. त्यांची सुटका झाली ती १६६३ मध्ये. वखारीच्या नुकसानभरपाईचं बोलणं तर वर्षानुवर्षं चालू राहिलं. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्या मागण्यांत हीही एक होती. वस्ती आजही दहा हजारांच्या आतबाहेर असलेल्या गावाचं नाव त्या दिवशी रायगडावर बोललं गेलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो.

पण मला खरं सापडलं ते वेगळंच. भरती जिथवर चढते तिथे बंदर होतं, आणि नेमकं तिथेच पुराचं पाणी अडतं. वरून अर्जुना आणि कोदवली फुगून येतात, त्याच वेळी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं तर खाडी त्यांना वाट देत नाही. पाण्याला मग एकच मोकळी जागा उरते, बाजारपेठ. ज्या सोयीमुळे हे गाव वसलं तीच सोय त्याला बुडवते. चौकात पाणी शिरतं ते गलबतांच्या जुन्या वाटेनेच. हे कळल्यापासून पुराकडे मी केवळ आपत्ती म्हणून बघू शकलेलो नाही.

बंदर मेलं ते गाळाने. डोंगर उतारांवरचं रान तुटत गेलं, लाल माती पावसागणिक नदीत आली, पात्र उथळ होत गेलं. मोठी गलबतं राजापूरपर्यंत येईनाशी झाली आणि माल जैतापुरालाच उतरू लागला. पुढे आगबोटी आल्या, मोटाररस्ता आला. १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुरू झाली, तिचं राजापूर रोड स्थानक गावापासून बरंच लांब पडलं. इतकं सगळं होऊन बाजार मात्र जागचा हलला नाही, कारण तोवर तो बंदराचा राहिला नव्हता. भोवतालच्या खेड्यांचा झाला होता.

गाळ थांबला नाही. ज्याने बंदर बुजवलं तोच आता पूर वर चढवतो. २६ जुलै २००५ चं पाणी आणि २०२१ च्या जुलैतलं पाणी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. अलीकडे नाम फाउंडेशनच्या मदतीने नदीतला गाळ उपसण्याचं काम झालं. पात्रात पोकलेन उतरलेला पाहून बाजारातली वयस्क माणसं काठावर तासन्‌तास उभी राहत, मीही राहिलो. ज्या ठिकाणी होड्या लागायच्या असं नुसतं ऐकलं होतं तिथली खोली डोळ्यांना दिसली. माझं म्हणणं एवढंच आहे की हा उपसा एकदा करून विसरण्याचा नाही. वाडीतल्या विहिरीचा गाळ जसा उन्हाळ्यात काढतातच, तसा नदीचा काढायला हवा, त्यासाठी दरवर्षी पैसा बाजूला ठेवायला हवा, आणि वर उतारांवर झाड राहायला हवं. पूर ओसरल्यावर होणाऱ्या पंचनाम्यांवर जेवढी माणसं राबतात, त्यातली थोडी मार्चमध्ये राबली तरी फरक पडेल.

पाण्याचं शहाणपण या गावाला नव्याने शिकवावं लागत नाही. कोदवलीवर ब्रिटिश काळात बांधलेल्या धरणाला लोक आजही 'सायबाचं धरण' म्हणतात. तिथलं पाणी नुसत्या उतारावरून गावात येतं, त्याला पंप लागत नाही. जवळच्या उन्हाळे गावातल्या गंगेची चौदा कुंडं कोरडी असतात आणि कधीतरी अचानक भरतात. 'गंगा आली' म्हटलं की स्नानाला माणसं लोटतात. पाणी न सांगता येतं, एवढं या गावाला लहानपणापासून ठाऊक असतं.

पुरातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पाणी उतरण्याच्या वेळचं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी गेलं की साफसफाई करायची. तसं केलं तर गाळ बसतो, सुकतो आणि मग फावड्यालाही हलत नाही. म्हणून पाणी गुडघ्याखाली आलं की, रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन, सगळा बाजार खराटे घेऊन उतरतो. जमीन ढवळायची, भिंतींवर बादल्या मारायच्या आणि उतरत्या पाण्याबरोबरच गाळ परत नदीकडे लावायचा. पुराने आणलेला चिखल पुराकडूनच धुऊन घ्यायचा. पाणी उतरण्याच्या वेगाशी हात जुळवावा लागतो, एकट्या घराला तो जुळत नाही. आमच्या शेजारी कापडाचं दुकान एका मुसलमान कुटुंबाचं. त्यांची मुलं आखातात गेल्यावर घरात म्हातारी माणसंच उरली, तेव्हा आमचे वडील आधी त्यांच्या दुकानात खराटा घेऊन जात आणि मग आपल्या. त्यांच्या घरातून चहाची किटली येई, विजेरीच्या उजेडात, पायरीवर बसून सगळे तो पीत. हे मोठेपण म्हणून कोणी सांगत नसे. गाळ बसायच्या आत दोन्ही दुकानं धुऊन व्हायला हवीत, एवढाच हिशेब असे.

आता दुकान पुतण्या बघतो. त्याने खालचे खण रिकामे ठेवून कमरेच्या वर लोखंडी मांडणी केली आहे. वर, पाचलकडे, नदी वाढली की तिकडच्या ओळखीच्यांचा फोन येतो, त्यामुळे उचलाउचलीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळतो. उधारी मोबाइलमध्ये गेली. मध्यंतरी महामार्गाच्या बाजूला वर एक गाळा विकाऊ निघाला होता. तिथे पाणी कधीच चढत नाही. मी त्याला म्हटलं, पैशांची मदत करतो, घेऊन टाक. तो त्या वेळी एका आजींची तांदळाची पिशवी बांधत होता. त्यांनी एसटीची वेळ विचारली, त्याने सांगितली, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, ह्यांना वर चढवून कोण नेणार?"