नळाला पाणी आलं का?

सरकारी टेंडरांच्या भाषेत गेल्या काही वर्षांत एक कल्पना चांगलीच रुळली आहे. ठेकेदाराने किती माणसं लावली, किती गाड्या फिरवल्या याचे पैसे द्यायचे नाहीत. काम झालं का, त्याचे द्यायचे. म्हणजे '२० झाडूवाले नेमा' असं न लिहिता 'सकाळी ८ वाजता रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे' असं लिहायचं. ऐकायला किती सरळ! आपण दूधवाल्याला तरी दुसरं काय सांगतो? म्हैस किती खाते ते आम्हाला नको, दूध दाट हवं.

पण आमच्या मराठवाड्यात पाण्याला हा हिशोब लावायला गेलं की गाडी अडते.

२००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांसाठी मापदंड ठरवले. माणशी रोज १३५ लिटर पाणी, तेही २४ तास, प्रत्येक नळाला मीटर, गळती-चोरी २० टक्क्यांच्या आत. त्याच वर्षी लातूरचा पाणीपुरवठा १० वर्षांच्या कराराने खाजगी कंपन्यांच्या एका गटाकडे गेला. मीटर आणि दरांवरून शहरात मोठं आंदोलन झालं, आणि करार मुदतीआधीच बारगळला. मला विचाराल तर भांडण नुसतं मीटरशी नव्हतं. पैसे मोजायची सोय आधी आणि पाणी मागाहून, हा क्रमच लोकांना खटकला.

मग २०१६ उजाडलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' आली.. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली.

आता समजा, तो करार तेव्हा चालू असता तर? 'पाणी आलं नाही' म्हणून दंड कुणाला करायचा? ठेकेदार म्हणणार, पाऊस माझ्या हातात नाही. धरणाच्या पाण्यातलं उसाला किती गेलं, तेही माझ्या हातात नाही. आणि त्याचं खोटं कसं म्हणणार?

माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मजुरी ब्रासवर. ढीग मोजायचा, पैसे घ्यायचे. त्या खडीचा रस्ता टिकला का, याचा जाब आजीला कुणी विचारला नाही, आणि विचारायलाही नको होता. ज्याच्या हातात जे आहे, त्याचंच माप त्याला लावायचं, एवढं शहाणपण त्या मस्टरातही होतं.

म्हणून वाटतं, असा करार एकतर्फी नसावा. फुटलेली पाइपलाइन किती तासांत जोडली, शेवटच्या घरापर्यंत दाब पोचला का, गळती किती, ही मापं ठेकेदाराची. पण धरणात पिण्यासाठी किती पाणी राखलं, हे माप सरकारचं. तेही त्याच कागदावर, त्याच ठळक अक्षरात, चुकल्यास दंडासकट. नांदेडलाही गोष्ट वेगळी नाही. विष्णुपुरीच्या एकाच जलाशयावर शहराची तहानही आहे आणि शेतीचीही.

आणि मोजणार कोण? २०१९ च्या जलजीवन मिशनने खेड्यांसाठी माणशी रोज ५५ लिटर ठरवले, तेही नियमित आणि शुद्ध. व्याख्या उत्तम आहे. पण नळ बसवल्याची नोंद एका दिवसात होते. पाणी आल्याची नोंद रोज करावी लागते.

ती रोजची नोंद लातूरच्या माझ्या आत्याकडे आहे. ज्या दिवशी नळ येतो, त्या तारखेला ती कालनिर्णयवर गोल करते. पुढच्या वेळी पिंपं कधी रिकामी करायची, त्याचा अंदाज बांधायला. तिचं ते कालनिर्णय कुठल्याही बिलाला कधी जोडलं जात नाही. गल्लीतल्या चार घरांची अशी कालनिर्णयं पाहिल्याशिवाय बिल पास करायचं नाही, एवढं एक कलम कुणी घालेल का?

असो. तुमच्या घरी ही नोंद कोण ठेवतं, ते जरूर कळवा.