रायगडावरील वाघ्या

चौदा वर्षें ओसरी राखणारा आमचा मोत्या गेल्या माघांत गेला. शेवटच्या रात्रीं तो दाराशीं कण्हत होता. थंडी म्हणून आम्ही उठलों नाहीं.

चैत्रांत नातवंडांसह रज्जुमार्गानें रायगडावर गेलों. १६८० सालीं महाराजांनीं देह ठेविला तो हा गड. समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे. त्यानें स्वामीच्या चितेंत उडी घेतली अशी आख्यायिका. समकालीन पुरावा नाहीं. २०१२ सालीं पुतळा हलविला गेला, पुन्हां बसविलाहि गेला.

धाकट्या नातवानें पुसलें, “आजोबा, मोत्या स्वर्गांत असेल?” श्वानावांचून स्वर्ग नाकारणारा महाप्रस्थानिक पर्वांतील युधिष्ठिर त्यास सांगूं लागलों, पण न काढलेली ती दाराची कडी आठवली, आणि कंठ दाटून आला. उरलेली कथा सूनबाईंनीं पुरी केली.