एक सरी होईपर्यंत

आडसालीची भांगलण काल उरकली. तणाचं नंतर लिहितो, आज जरा आमच्या बारकीबद्दल. साडेतीन वर्षांची आहे.

गेल्या वर्षापर्यंत तिला रानात आणायचं म्हणजे मोबाईल आलाच. शेडात पोत्यावर बसवायची, कार्टून लावून द्यायचं आणि आम्ही दोघं सरीत. आई म्हणायची, "बरं हाय की, पोरगं जाग्यावरनं हलत तर न्हाई." तिचंही खोटं नव्हतं. मी एवढासा असताना ती माझ्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक बाभळीला अडकवायची आणि भांगलायला जायची. विहिरीला कठडा नव्हता. अजूनही नाही.

पण मोबाईल बंद पडला की जो आकांत व्हायचा तो शेजारच्या रानापर्यंत ऐकू जायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. आमच्याकडं भांगलणीच्या दिवसांत तीन-तीन तास व्हायचे. मोबाईल बंद केला, शहरातनं प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर आणला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सरीत उलटा आणि बारकी माझ्या पाठीवर.

ताराबाई मोडकांबद्दल वाचलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. पोरं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. म्हटलं, एवढं तर आपल्या बांधावर पडलंय.

आधी जागा केली. शेडातनं तणनाशकाच्या बाटल्या हलवून घरी माळ्यावर कुलपात ठेवल्या. विहीर आणि मोटरच्या पेटीपासून लांब, जांभळाखाली चार हात जमीन साफ केली. पाचटाचा ढीग तिथनं काढला, पावसाळ्यात त्यात काय बसलेलं असेल सांगता येत नाही. करवंट्या, फुटकी बुट्टी, तांब्या, वाढ्याचे तुकडे, मातीचा ढीग. चिंचोके दिले होते, एक नाकात घातला, बंद केले.

पहिले आठ दिवस मी नुसता शेजारी खुरपं घेऊन बसलो. अवघड काम म्हणजे गप्प बसणं. ती करवंटीत माती भरायला लागली की माझ्या तोंडात आलंच, "अगं अशी न्हाई, अशी भर." मी बोललो की ती उठायची आणि खेळ मोडायचा. हे माझ्या ध्यानात यायलाच चार दिवस गेले.

मग एक सरी ठरवली. "ही सरी झाली की येतो." तिला मिनिटं कळत नाहीत, सरी दिसते. टोकाला गेलो की हात करायचा, संपली की खरंच जाऊन बसायचं. सुरुवातीला अर्ध्या सरीतच हाक यायची. मग एक झाली, मग दोन.

एकदा मात्र सरी संपली आणि मला खताच्या गाडीचा फोन आला. बोलत बोलत रस्त्याकडं गेलो. मागं वळलो तर जांभळाखाली कुणी नाही. विहिरीकडं कसा पळालो ते आठवत नाही. पोरगी माझ्याच सरीत बसून रडत होती, मला हुडकत आलेली. ऊस तेव्हा गुडघ्याएवढाच होता म्हणून दिसली तरी. बायको दिवसभर बोलली नाही. पुढचे चार दिवस बारकीनं माझा सदरा सोडला नाही, परत शेजारी बसण्यापासनं सुरुवात.

बेंदराला आईनं तिला मातीचा बैल करायला शिकवलं. तिच्या बैलाला पाय नसतात. विचारलं तर म्हणते, "बसलाय त्यो." काल अशा सात बसलेल्या बैलांना वैरण घालण्यात तिची पाऊण तास गेला. मी सरी संपवून गेलो तर वर न बघता म्हणाली, "पप्पा, तू जा, धार काढायचीय."

गेलो. पण नजर तिकडंच. अजून दोन महिन्यांत ऊस डोक्यावर जाईल, मग सरीतनं जांभूळ दिसणार नाही. त्याच्या आत विहिरीला कठडा बांधून घ्यायचाय. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय.