पिशवीचा हट्ट

लेकरं झाली आणि पाळी छळायला लागली की पिशवी काढून मोकळं व्हावं, या मताची मी होते. पौडपासून ताम्हिणीपर्यंत कुणाही बाईला विचारा, बहुतेक हेच सांगेल. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या, चौकशी समिती नेमली गेली. तेव्हाही मला वाटलं, त्यांना भीती घालून फसवलं. माझं दुखणं खरं आहे.

ते दुखणं ओटीपोटापेक्षा खाली जास्त होतं. पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की जीव जायचा, पाळी सरली की सगळं शांत. मूळव्याधीची औषधं झाली. आतड्यात दुर्बीण घातली, तर आतून स्वच्छ! मला होता एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार. तो आतड्याला बाहेरून धरतो, आतल्या अस्तरापर्यंत क्वचितच पोचतो, हे मला खूप उशिरा कळलं. पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी आधी दुखण्याच्या तारखा विचारल्या, मग खालून सोनोग्राफी आणि एमआरआय केला. गुदाशयाला बाहेरून चिकटलेली गाठ दिसली.

मी म्हटलं, काढा पिशवी. त्या म्हणाल्या, "गाठ आतड्यावर आहे. नुसती पिशवी काढून ती कशी जाईल?"

मला उत्तर सुचलं नाही. मग गाठच काढा, म्हटलं. त्यांनी समजावलं: ती तासून काढतात, चकतीएवढा तुकडा काढतात किंवा आतड्याचा भाग कापून पुन्हा जोडतात. जोड गळू शकतो, काहींना काही काळ पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते. एक पिशवी काढायला निघालेली मी, दुसरी लावून घरी यायचे! आतडं अडत असेल तर ऑपरेशन टळत नाही. माझं अडलेलं नव्हतं.

त्यांनी रोज डायनोजेस्ट या हार्मोनची गोळी सांगितली. हे तर रोग झाकणं, असं मी तोंडावर म्हटलं. झाकणंच आहे, बंद केली की दुखणं परतू शकतं. पण आई वर्षानुवर्षं रक्तदाबाची गोळी घेते, तिला कुणी असं म्हणत नाही. गोळीनं मधूनच डाग पडतात, कधी उगाच उदास वाटतं. शौचाची धास्ती मात्र गेली.

जाऊबाई अजून म्हणतात, काढून टाक. ऑपरेशनला मी कायमचं नाही म्हटलेलं नाही. गाठ वाढली तर करीन, पण जिथे आतड्याचा सर्जन सोबत उभा राहील, तिथेच.