टाचणावरून प्रश्नसंच

मंडळी, माझ्या मालवणी शब्दांच्या वह्या आता नातीने कॉम्प्युटरवर चढवल्या आहेत आणि त्यांना एक एपीआय केला आहे. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला प्रश्न विचारायची खिडकी. 'चेडू' पाठवलं की 'मुलगी' परत येतं. पण नात आता शिकायला परदेशी चालली आहे, त्यामुळे खिडकी नीट चालते की नाही हे बघायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी हे शब्द सांगितले त्यातली निम्मी माणसं आज नाहीत. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

कुठला प्रश्न कुठल्या पत्त्यावर विचारायचा, सोबत काय द्यायचं, उत्तर कसं येईल, हे तिने एका फाइलीत लिहून ठेवलंय. ही ओपनएपीआय नावाची पद्धत. पूर्वी हिला स्वॅगर म्हणत. गंमत म्हणजे हिचा जन्म वर्डनिक या इंग्रजी ऑनलाइन शब्दकोशाच्या कामातून झाला! पुढे २०१५ साली ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि मग नाव बदललं. कोशातून निघालेली पद्धत पुन्हा कोशाच्याच कामी आली, मला फार बरं वाटलं.

पण ती फाइल म्हणजे नुसतं पाठ टाचण. तपासायला प्रत्यक्ष प्रश्न हवेत. ते पोस्टमन नावाच्या प्रोग्रामात साठवतात, त्या संचाला कलेक्शन म्हणतात. नात एकेक प्रश्न हाताने भरायची. खिडकीत काही बदललं की टाचण एक सांगणार आणि संच भलतंच विचारणार.

आता त्याला एक ओळ पुरते. कमांड लाइनच्या काळ्या पडद्यावर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहायचं, मग 'डॅश एस' आणि टाचणाची फाइल, 'डॅश ओ' आणि नव्या संचाचं नाव. एंटर! संच तयार. सर्व्हरचा पत्ताही एकाच जागी येतो, उद्या सर्व्हर बदलला तर तेवढाच बदलायचा.

पहिल्यांदा संच उघडला तर शब्दाच्या जागी कंसात नुसतं 'स्ट्रिंग'. म्हणजे इथे काहीतरी मजकूर द्या! असा प्रश्न पाठवून काय कळणार? पर्यायात 'उदाहरणं घे' असं सांगितलं की तो टाचणातली उदाहरणं उचलतो, पण टाचणात ती लिहिलेली तर हवीत ना. यंत्र न लिहिलेलं कुठून आणणार? ते काम मग मी घेतलं.

उदाहरण निवडणं हे मात्र मास्तरकीचं काम. 'चेडू' सोपा आहे. मी 'झील' घातला. देशावरचा माणूस म्हणेल, झील ओढणं, म्हणजे गाणाऱ्याच्या मागे सूर धरणं. आमच्याकडे झील म्हणजे मुलगा. उत्तरात दोन्ही अर्थ आले तर खिडकी शाबूत. एकच आला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती 'चेडू' विचारून कधीच कळली नसती.

नातीला एक ताकीद दिली आहे (आज्जी असण्याचा तेवढा फायदा). संचात हाताने काही दुरुस्त करायचं नाही. पुढच्या खेपेला रूपांतर केलं की नवा संच येतो, त्यात आपली दुरुस्ती नसते. जे काय सुधारायचं ते टाचणात. शाळेत आम्ही दुरुस्ती हजेरीपटात करायचो, त्यावरून काढलेल्या मासिक तक्त्यात नाही, तसंच.

परवा 'वांगडा' घातला. 'माझ्या वांगडा चल' म्हणजे माझ्याबरोबर चल. उत्तर बरोबर आलं, पण गावाच्या रकान्यात काहीच नाही! वहीत बघितलं तर तिथेही मी गाव लिहिलेलं नाही, सांगणाऱ्या काकूंचं नुसतं आडनाव. कणकवली-वेंगुर्ल्याकडच्या नातेवाइकांनो, तुमच्या घरी हा शब्द कसा म्हणतात ते कळवा. नात जायच्या आत रकाना भरून घेते.