मोंटिसेलोचं गहाणखत

सांगली

चि. सई हिस,


मोंटिसेलोहून तू पाठवलेले फोटो पाहिले. घर सुंदरच आहे. पण फोटोंखाली तू जो प्रश्न टाकलास, त्यावर ग्रुपवर नुसते अंगठे आले. सर्व माणसं समान, असं साऱ्या जगाला लिहून देणाऱ्या जेफरसनच्या घरी गुलाम कसे? तुझ्या बाबांनी लगेच उत्तर दिलं, ‘काळच तसा होता.’ दाजींना मी चारचौघांत उलटून बोलत नाही, तेव्हा तुला वेगळं लिहितोय.

काळ तसा नव्हता. निदान एवढा सरळ नव्हता. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच टप्प्याटप्प्याने गुलामी बंद करायचा कायदा केला. मालकाला मनात आलं तर गुलाम मुक्त करता यावेत, अशी मुभा खुद्द तुझ्या व्हर्जिनियात १७८२ पासून होती. रॉबर्ट कार्टर नावाच्या तिथल्याच बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्त करून साडेचारशेहून अधिक माणसांच्या मुक्ततेची सोय केली. शेजारीपाजारी चिडले, पण दस्त झाला. वॉशिंग्टननेही मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मोकळं करायचं लिहून ठेवलं. आणि जेफरसन? १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराचं पाप इंग्लंडच्या राजाच्या माथी मारलं होतं. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियावाल्यांना ते रुचलं नाही, शिवाय उत्तरेतले जहाजवालेही त्या व्यापारात होतेच, म्हणून तो मजकूर गाळला गेला. म्हणजे चूक काय आहे ते या मंडळींना नीट कळत होतं.

मग कळूनही का?

मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. त्यामुळे कुठल्याही वैभवाच्या मागे मला आधी तारण दिसतं. १७९६ मध्ये जेफरसनला घराच्या नव्या बांधकामासाठी पैसा हवा होता, तेव्हा त्याने आपले गुलाम गहाण टाकले. जमीन, गुरं गहाण टाकावीत तशी माणसं, नावानिशी. हयातभरात मिळून सहाशेहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती आणि त्याच्या डोक्यावरचं कर्ज कधी फिटलं नाही. पोलंडचा कोश्चुश्को अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. आपला अमेरिकेतला पैसा गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त करायला वापरावा, असं मृत्युपत्र करून त्याने ते काम जेफरसनवर सोपवलं. १८१७ मध्ये तो वारला आणि म्हाताऱ्या जेफरसनने ते काम अंगाला लावून घेतलं नाही. ही फाईल माझ्यासमोर आली असती, तर ‘काळच तसा होता’ असा शेरा मी मारला नसता. जेफरसनने मृत्युपत्रात पाच जणांना मुक्त केलं. तो गेल्यावर, १८२७ मध्ये, मोंटिसेलोच्या अंगणात १३० माणसांचा लिलाव झाला.

हे तारण तयार झालं कसं, तेही ऐक. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले वीसेक आफ्रिकी लोक उतरवले गेले, पण तंबाखूच्या शेतीवर राबणारे तेव्हा मुख्यतः इंग्लंडमधले गरीब होते. चार-सात वर्षांच्या कराराने यायचे आणि करार संपला की स्वतःसाठी जमीन मागायचे. १६७६ मध्ये गव्हर्नरविरुद्ध झालेल्या बेकनच्या बंडात असे गोरे आणि काळे मिळून लढले आणि त्यांनी राजधानी जेम्सटाउन जाळली. पुढे इंग्लंडहून मजूर येणं कमी झालं, आफ्रिकेतून जहाजं वाढली. जमीनदारांना ते पथ्यावरच पडलं. ज्याचा करार कधी संपतच नाही, असा मजूर त्यांना मिळाला.

कायद्याची तयारी आधीच झाली होती. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाचं. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ते उलटं केलं: आई गुलाम असेल तर मूल गुलाम. मालकाचं स्वतःचं मूलही त्याची मालमत्ता ठरू लागलं. मोंटिसेलोत सॅली हेमिंग्जची खोली पाहिलीस ना? ती जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, एकाच बापाची. तिच्या मुलांचा बाप जेफरसनच, असं आता बहुतेक इतिहासकार मानतात. १६६२ च्या त्या कायद्याने ती सगळी मुलं जन्मतःच जेफरसनच्या मालमत्तेच्या यादीत गेली. मुद्दलावर व्याज वाढावं तशी ही संपत्ती पाळण्यात वाढत होती.

आणि लोकशाही? मला वाटतं, गुलामी तिथल्या लोकशाहीच्या आड आली नाही, तिच्या पायातच गेली. गरीब गोऱ्याकडे जमीन थोडी, पैसा त्याहून थोडा, पण गोरेपण हे त्याचं वतन होतं. मालक आणि तो एका पंक्तीला बसू शकत होते, कारण पंक्तीबाहेर कोण, ते कायद्यानेच ठरवून टाकलं होतं.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसले, तेव्हा प्रश्न आला की लोकसंख्येप्रमाणे राज्यांना प्रतिनिधींच्या जागा वाटायच्या, तर गुलाम मोजायचे की नाही? दक्षिणेला ते पूर्ण मोजून हवे होते. तोड निघाली ती पाच गुलामांमागे तीन माणसं धरण्याची. ज्याला मत नाही त्याच्या डोक्यांवर त्याच्या मालकाला जादा जागा मिळाल्या, आणि राष्ट्राध्यक्ष निवडतानाही त्यांचं वजन पडलं. व्हर्जिनियात १७९० मध्ये सुमारे चाळीस टक्के लोक गुलाम होते. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचाच होता, हे त्याच्या शेजारी ठेवून बघ. माणसांची आयात १८०८ पर्यंत बंद करायची नाही आणि पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, हेही त्याच घटनेत. मात्र ‘गुलाम’ हा शब्द तेव्हा तिच्यात एकदाही नव्हता. लाज होती, पण ती शब्दापुरती.

गुलामी आपोआप संपेल म्हणत राहिले, तोवर १७९३ मध्ये व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापसाची शेती सोन्याची खाण झाली. दमलेल्या जमिनीच्या व्हर्जिनियाने मग तंबाखूबरोबर माणसंही विकायला काढली. १७९० ते १८६० या काळात दहा लाखांच्या आसपास माणसं खाली कापसाच्या मुलखात नेली गेली, बरीचशी विकून, आईबापांपासून तोडून. १७९० मध्ये देशात जेमतेम सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात. एवढी संपत्ती कोण सुखासुखी सोडतो? यादवी युद्ध झालं तेव्हा १८६५ मध्ये ती सुटली.

आपण फार ताठ बसून हे वाचायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना, आणि ती लिहिली पुण्यात बसून, आपल्या लोकांविषयी. दाजींना हे मी प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

तू रिचमंडमध्येच राहतेस, तर एकदा शॉको बॉटमला जा. लिलावाआधी माणसं कोंडून ठेवायची लंपकिनची कोठडी तिथे होती. लंपकिन मेल्यावर ती जागा त्याची बायको मेरी हिच्याकडे आली. ही मेरी आधी त्याची गुलाम होती. युद्धानंतर १८६७ मध्ये तिने ती जागा मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या शाळेसाठी भाड्याने दिली. त्या शाळेचं पुढे व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ झालं, ते अजून तुझ्याच गावात चालू आहे. मोंटिसेलोइतके चांगले फोटो तिथे येणार नाहीत, तरी जा.

मामीने भाजणी करून ठेवली आहे, कुणी येणार असेल तर कळव. आईला रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझा,
मामा