देण्याघेण्याची मर्यादा

आमच्या घरांतील तरुण मंडळी हल्लीं ‘सी’ नांवाची भाषा शिकतात. ही बोलावयाची भाषा नव्हे. गणकयंत्रास आज्ञा देण्याची आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ती सिद्ध केली. नात तिचे पाठ घोकीत असे. तिच्याकडूनच मीं ते समजावून घेतले. व्याकरणांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास त्यांत गोडी वाटावी हें स्वाभाविकच आहे.

‘प्रिंटएफ’ हें या भाषेंतील छापण्याचें साधन. त्यास प्रथम एक सांचा द्यावा लागतो. सांच्यांत शेकड्याचें चिन्ह घालून पुढें एक अक्षर लिहावयाचें: ‘डी’ म्हणजे पूर्णांक, ‘एफ’ म्हणजे दशांश अपूर्णांक, ‘एस’ म्हणजे शब्द. छापतांना हें अक्षर नाहींसें होतें आणि त्याच्या जागीं मूल्य उमटतें. पाणिनीच्या ‘क्त’ प्रत्ययांतील ककार असाच आहे. तो रूपांत दिसत नाहीं, पण इकाराचा एकार होऊं नये एवढें बजावून जातो. म्हणून ‘जि’ धातूपासून ‘जित’ होतें. ‘जेता’ या शब्दांत तो संकेत नाहीं, म्हणून तेथें एकार येतो. संकेत लोपतो, कार्य उरतें.

चिन्ह आणि अक्षर यांच्यामध्यें आंकडा घातल्यास तो रुंदी ठरवितो. ‘%८.२एफ’ म्हणजे एकंदर आठ जागा, व दशांशचिन्हापुढें दोन अंक. ४५.५ ही रक्कम मग आधीं तीन जागा मोकळ्या सोडून ४५.५० अशी उजवीकडे बसते, आणि रकाना जमाखर्चाच्या वहीसारखा सरळ उतरतो. रक्कम आठ जागांहून मोठी निघाली तर रकाना मोडतो, परंतु रक्कम कापली जात नाहीं. देतांना रुंदी ही किमान मर्यादा होय.

‘स्कॅनएफ’ हें आंत घेण्याचें साधन. तेथें तोच आंकडा उलट अर्थ धारण करतो. ‘%३डी’ असें सांगून १२३४५ पुढें केले, तर १२३ घेतले जातात. ४५ पुढील वाचनासाठीं बाहेर थांबतात. घेतांना रुंदी ही कमाल मर्यादा होय. शब्द घेतांना ती लिहिलीच नाहीं, तर मोकळी जागा येईपर्यंत येईल तितकें आंत ओतलें जातें. वीस अक्षरांची कोठी भरली तरी यंत्र थांबत नाहीं. शेजारची स्मृति बिघडवितें. म्हणून तेथें एकोणीसच मागावीं. विसावी जागा समाप्तिचिन्हाची.

हा दोष केवळ पुस्तकी नाहीं. नोव्हेंबर १९८८ मध्यें रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला ‘कृमि’ हजारों यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकीं एक ‘गेट्स’ या साधनाची होती. हें साधन याच घराण्यांतील, परंतु मर्यादा सांगण्याची सोयच त्यांत नव्हती. २०११ च्या प्रमाणांतून तें काढून टाकण्यांत आलें. ‘स्कॅनएफ’ राहिलें, तेथें सोय आहे, पण ती वापरणें लिहिणाऱ्याच्या हातीं आहे.

वाचकांच्या घरींहि हा अभ्यास करणारीं मुलें असतील. उत्तर बरोबर आलें कीं तीं संतुष्ट होतात, आणि रुंदीचा आंकडा त्यांस निव्वळ टापटीप वाटतो. चांचणीसाठीं दिलेलें नांव आंखूड असतें, म्हणून उणीव झांकली जाते. लांब नांवाचा पाहुणा आला म्हणजे ती उघडी पडते. देतांना निदान इतकें आणि घेतांना फार तर इतकेंच, हा नेम यंत्र आपण होऊन पाळीत नाहीं. तो आज्ञा लिहिणाऱ्यानेंच आधीं लिहून ठेवावयाचा असतो.